गेल्या वर्षी आजच्या दिवशी किती?

(बोरिवली येथील एका व्यायामशाळेच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या मेळाव्यासाठी मला 'बलोपासनेचे महत्त्व' हा विषय देण्यात आला होता. संयोजकांची क्षमा मागून मी तो थोडा बदलून घेतला आहे. बलोपासनेचे महत्त्व या सभागृहात कोणाला नव्याने पटवून द्यावे लागेल, असे मला वाटत नाही. समर्थांनी गावोगाव मारुती का स्थापन केले, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. अडचण पुढची आहे. महत्त्व पटलेली माणसे व्यायामाला आरंभ करतात, काही आठवडे, काही महिने, क्वचित काही वर्षेही तो नेटाने करतात, आणि तरीही त्यांच्या हाती काही लागत नाही. दंड तसेच, पोट तसेच, जिना चढताना लागणारी धाप तशीच. मग हळूहळू मन निराश होते आणि 'आपला बांधाच असा' अशी समजूत करून घेऊन मंडळी घरी बसतात. असे का होते, याविषयी मला आज बोलायचे आहे.

प्रारंभ स्वतःपासून करतो. मी बालपणापासून शाखेत जाणारा. मुख्यशिक्षक म्हणूनही काही वर्षे काम केले. रोज तेरा सूर्यनमस्कार, हा नियम मी वीस वर्षे सांभाळला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एका हिवाळी शिबिराच्या पूर्वतयारीत टेम्पोतून वीस लिटर पाण्याचा जार उतरवताना माझी कंबर अशी धरली की, पुढचे तीन आठवडे मी अंथरुणावर होतो. शिबिर झाले, समारोप झाला, आणि मी छताकडे बघत पडून होतो. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. गावाकडची बाई तेवढे वजन डोक्यावर घेऊन चढ चढते.

आमच्या वस्तीत तेव्हा एक वृद्ध वस्ताद राहत. लालबाग-परळच्या व्यायामशाळांत घडलेले, गिरणीत नोकरी केलेले, आणि १९८२ च्या संपानंतर गिरणगाव सोडून उपनगरात आलेले. ते मला बघायला आले. माझ्या उशाशी बसून त्यांनी विचारले, "रोज किती नमस्कार घालतोस?" मी म्हणालो, "तेरा." "गेल्या वर्षी आजच्या दिवशी किती घालत होतास?" "तेरा." "आणि दहा वर्षांपूर्वी?" "वस्ताद, तेराच." ते हसले आणि म्हणाले, "मग तू व्यायाम करत नाहीस रे, पूजा करतोस. पूजेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पूजेनं कंबर मजबूत होत नाही."

मला राग आला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. तो उतरायला तीन आठवड्यांची सक्तीची विश्रांती उपयोगी पडली.

गैरसमज नको. सूर्यनमस्कार हा अत्यंत सुंदर व्यायाम आहे. सांधे मोकळे होतात, श्वासाला लय येते, दिवसाला शिस्त लागते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तो आपल्या संस्थानातील शाळाशाळांत नेला, आणि आज रथसप्तमीला आपण जो सामूहिक कार्यक्रम करतो त्यामागे त्यांच्यासारख्यांचे ऋण आहे. पण ज्याने सूर्यनमस्कार कधी घातलेलेच नाहीत, त्याचे खांदे आणि मांड्या पहिल्या तेरा नमस्कारांनी दुसऱ्या दिवशी ठणकतात. शरीराला एक नवी मागणी कळलेली असते. ते तयारीला लागते, काही आठवड्यांत तेरा नमस्कारांना पुरेल एवढे बळ तयार करते आणि तेथे थांबते. त्याने का थांबू नये? स्नायू पोसणे शरीराला महाग पडते. मागणी नसलेला माल कोणताही शहाणा दुकानदार भरून ठेवत नाही, शरीर तर फार काटकसरी दुकानदार आहे. पुढची एकोणीस वर्षे मी त्याच्याकडे तेवढाच माल मागत राहिलो.

जुन्या तालमीत हे सर्वांना ठाऊक होते. नव्या पोराला वस्ताद थोडे जोर आणि थोड्या बैठका देत, आणि संख्या दर काही दिवसांनी वाढवीत. हलकी जोडी पेलली की जड जोडी हातात येई. जोड एकाच तोलाचा राहिला तर पोरगा वाढणार नाही, हे वस्तादाला कळत असे. म्हणून जोडीदारही बदलत. 'क्रमाक्रमाने भार वाढवणे' हे तत्त्व त्यांनी कोठे लिहून ठेवले नव्हते, ते अंगवळणी पडलेले होते. मायलो नावाच्या प्राचीन ग्रीक मल्लाची कथा आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. तो रोज एक वासरू खांद्यावर घेई. वासराचा बैल झाला तेव्हा तो बैल उचलत होता. कथेत अतिशयोक्ती असेल, पण तत्त्व तेच आहे.

या तत्त्वाला आधुनिक वैद्यकाची मान्यता मिळाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात टॉमस डेलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते. गुडघ्याला दुखापत झालेल्या सैनिकांना तेव्हा हलके वजन आणि पुष्कळ आवर्तने असा उपचार दिला जाई, आणि महिनोन् महिने ते बरे होत नसत. डेलॉर्म यांनी उलट केले. पेलेल तेवढे जड वजन, मोजकी आवर्तने आणि दर आठवड्याला वजनात वाढ. सैनिक झपाट्याने उभे राहू लागले. १९४५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि आज जगभरच्या व्यायामशाळांत दहा-दहाची तीन आवर्तने करण्याचा जो प्रघात आहे, तो बव्हंशी त्यांच्याच कामातून आलेला आहे.

वाढ केवळ वजनाचीच असते असे नाही. मल्लखांब बघा. तेथे वजन आपल्याच देहाचे, ते वाढत नाही. वाढते ती अवघडता. साध्या अढीपासून मूल दसरंगापर्यंत पोचते तेव्हा त्याचे बळ कोठल्या कोठे गेलेले असते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी ज्याला नवे रूप दिले, त्या या विद्येची पहिली विश्वस्पर्धा २०१९ मध्ये आपल्या मुंबईत, शिवाजी पार्कवर झाली. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात आयुष्य वेचणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आपलाच सन्मान झाल्यासारखे वाटले. तेथील मुलामुलींना रोज तेच ते करून कोणी मल्लखांबपटू केलेले नाही.

खाशाबा जाधवांचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण ते केवळ पदकाच्या संदर्भात सांगितले जाते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेला. लाल मातीत घडलेला गडी प्रथमच गादीवर लढला आणि सहावा आला. गादीवरच्या कुस्तीची मागणी वेगळी आहे, हे त्यांना तेथे कळले. पुढची चार वर्षे त्यांनी त्या मागणीसाठी तयारी केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. तेथून ते कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चार वर्षे ते कष्ट करीत होते, हे तर खरेच. पण त्या कष्टांना तोलून बघायला त्यांच्याजवळ एक आकडा होता, सहावा क्रमांक. आपल्याजवळ कोणता आकडा असतो?

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आज गल्लोगल्ली वातानुकूलित जिम झाल्या आहेत. मी त्यांचा विरोधक नाही. साधने उत्तम आहेत, स्वच्छता आहे, भगिनींना तेथे संकोच वाटत नाही. पण तेथे वर्षाची फी आधी भरून घेतात आणि त्यानंतर माणूस आला काय, न आला काय, कोणी विचारत नाही. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ अशाच एका जिममध्ये चार वर्षे जात आहेत. पाच किलोचे डंबेल ते चार वर्षांपूर्वी उचलत होते, आजही पाच किलोचेच उचलतात. मोबाइलवर मात्र रोज नवा व्यायाम बघतात. सोमवारी एक, गुरुवारी दुसरा. कोणताही व्यायाम सहा आठवडे टिकत नाही, त्यामुळे कशातही वाढ झाली की नाही, हे कळायला मार्ग राहत नाही. शिवाय तरुण पोरांचे सगळे लक्ष दंडाच्या बेटकुळ्यांवर. आरशात पाय दिसत नाहीत, म्हणून पायांचा व्यायाम नाही. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे. त्यांना सोडून दंड फुगवायचा म्हणजे पाया न घालता गच्चीला रंग देणे झाले. आणि एवढे करून बेटकुळी निघाली नाही, तर कोणीतरी कानात इंजेक्शनाचे नाव सांगते. त्या वाटेला गेलेली मुले यकृत आणि हृदय गमावून बसलेली आहेत. पालकांनी सावध असावे, एवढेच येथे म्हणतो.

केवळ जिमवाल्यांना नावे ठेवून आपली सुटका नाही. आपल्या कार्यकर्त्यांची स्थिती बघा. कार्यकर्त्याच्या आयुष्यात बैठका पुष्कळ असतात, पण त्या खुर्चीवरच्या. संघाच्या आरंभीच्या काळात नागपूरचे तरुण स्वयंसेवक व्यायामशाळांत जाऊन अंग कमावीत असत. आज प्रवास, दूरध्वनी, रात्रीची जागरणे आणि घरोघरचा चहा यांत पन्नाशीचा कार्यकर्ता मधुमेहाची गोळी खिशात घेऊन फिरतो. आपण वृत्त ठेवण्यात किती काटेकोर आहोत! शाखेत तरुण किती, बाल किती, प्रौढ किती, याची नोंद होते. मागच्या महिन्याशी तुलना होते. संख्या घटली तर कारणे शोधली जातात. हीच सवय स्वतःच्या शरीराला लावायला आपल्याला काय हरकत आहे?

त्यासाठी लागते दहा रुपयांची वही. डावीकडे तारीख, मग व्यायाम, वजन, आवर्तने. समजा, आपण दहा किलो वजन छातीशी धरून बैठका मारीत आहात. आठ-आठच्या तीन फेऱ्या जमतात. पुढच्या वेळी नऊ, मग दहा. तिन्ही फेऱ्यांत बारा-बारा जमू लागल्या की वजन अडीच किलोंनी वाढवा आणि पुन्हा आठवर या. प्रत्येक फेरीतल्या शेवटच्या दोन बैठका कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. गप्पा मारत बारा होत असतील, तर ते वजन आपले राहिलेले नाही. घरी साधने नसतील तर पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरा. जोर जमत नसतील तर आधी भिंतीला हात टेकून काढा, मग टेबलाला, मग जमिनीवर, आणि ते सोपे झाले की पाय उंचावर ठेवून. पाय, पाठ, छाती आणि खांदे असे मोठे स्नायू घेणारे पाच-सहा व्यायाम पुष्कळ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांनी स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, असे सांगितले आहे. दोन किंवा तीन दिवस; सात दिवस नव्हेत. रोज चालायला मात्र माझी हरकत नाही, राष्ट्रीय उद्यान येथून दूर नाही.

वही ठेवणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती न दिसल्यामुळेच बहुतेक लोक व्यायाम सोडतात. पहिले सहा-आठ आठवडे वजन वाढत जाते, पण आरशात काहीच बदल दिसत नाही. याचे कारण मोरितानी आणि डीव्रिज या संशोधकांनी १९७९ मध्येच दाखवून दिले आहे. प्रारंभीची ताकद बव्हंशी मज्जासंस्थेतून येते. स्नायू तेवढाच असतो, पण त्यातले अधिकाधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायूंची जाडी नंतर वाढते, आणि ती डोळ्यांना दिसायला तीन-चार महिने लागतात. जानेवारीत नाव घालणारा माणूस मार्च उजाडण्यापूर्वी सोडून जातो, म्हणजे नेमका पीक येण्याच्या वेळी शेत सोडून जातो.

दुसरी फसवणूक वजनकाट्याची. या संदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम प्रत्येक मराठी घराने माहीत करून घ्यावे असे आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांच्या उंचीचे आणि वजनाचे गुणोत्तर एकच, २२.३. आपल्या काट्याच्या हिशेबाने दोघेही सारखेच सडपातळ. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात मेद निघाला ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक! युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी पळत जाऊन ते गाठणे, अशी विनोदी कबुली याज्ञिकांनी त्यात दिली आहे. पण कारण तेवढेच नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि बाळांचा जो अभ्यास त्यांनी १९९३ पासून केला, त्यात दिसले की, आपली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची असतात आणि इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळात जे कमी असते ते मुख्यतः स्नायू आणि अवयव. मेद त्या मानाने फारसा कमी नसतो. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त. भांडवलातच स्नायू कमी घेऊन आपण जगात येतो, आणि चाळिशीत मधुमेह का होतो म्हणून नवल करतो.

याचा व्यायामाशी संबंध असा की, आपल्यासारख्या माणसाने योग्य व्यायाम केला तर स्नायू वाढतो, मेद घटतो आणि काटा जागचा हलत नाही. तो म्हणतो, 'एवढे करून एक किलोही उतरले नाही.' परिणाम झालेला असतो. मोजायला साधन चुकीचे घेतलेले असते. कमरेला फीत लावा. वहीतला आकडा बघा.

आता स्वयंपाकघराकडे वळतो. येथे भगिनींनी माझ्यावर रागावू नये. स्नायू प्रथिनांचा बनतो. आपल्या आयुर्विज्ञान परिषदेने २०२० मध्ये सामान्य माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज हवीत असे ठरवले, म्हणजे साठ किलोंच्या माणसाला पन्नास ग्रॅम. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला पुरेपूर फायदा हवा असेल तर अनेक अभ्यास एकत्र पाहून निघालेला आकडा किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे शहाण्णव. आता आपला दिवस बघा. सकाळी पोहे आणि चहा. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी स्थानकाबाहेर वडापाव. रात्री पातळ वरण आणि भात. चाळीस ग्रॅमच्या आसपास हिशेब येतो. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम असतात, तेही डाळ मनापासून घातली असेल तर. विटा नाहीत आणि गवंडी रोज येतो आहे, मग भिंत कशी चढावी?

डबे विकत घ्यायला सांगत नाही. भुकटीचे डबे आणणाऱ्यांना मी अडवत नाही, पण ज्या घरात मटकीची उसळ, मुगाचे घावन, भाजलेले चणे, शेंगदाणे, दूध-दही आहे, तेथे काम पुष्कळसे भागते. पन्नास ग्रॅम भाजक्या चण्यांत दहा-अकरा ग्रॅम, अर्धा लिटर दुधात सोळा, शंभर ग्रॅम पनिरात अठरा, एका अंड्यात सहा, तीस ग्रॅम सोयाच्या वड्यांत पंधरा. जे ज्याच्या घरात चालते ते त्याने घ्यावे. ज्यांच्या मूत्रपिंडाला आजार आहे त्यांनी मात्र वैद्यांना विचारल्यावाचून काही वाढवू नये. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. खिचडीला जो काही आधार आहे तो दाण्याच्या कुटाचा. आणि एक विनंती पुरुषांना. घरातली स्त्री सर्वांची पाने वाढून शेवटी जेवते तेव्हा पातेल्यात उसळ उरलेली असते की केवळ रस्सा, हे एकदा उठून बघा.

झोपेविषयी थोडक्यात सांगतो. स्नायू व्यायाम करताना वाढत नाही, नंतरच्या विश्रांतीत वाढतो. शिकागोतील एका छोट्या प्रयोगात, २०१० मध्ये, तीच माणसे तोच मोजका आहार घेत होती. एकदा साडेआठ तास झोपायला दिले, एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले, पण कमी झोपेत उतरले ते अधिक स्नायूंचे आणि कमी मेदाचे. रात्री नऊला चर्चगेटहून लोंबकळत घरी येणारा, बारापर्यंत मोबाइल बघणारा आणि पहाटे पाचला जिमला जाणारा तरुण माझ्याकडे आला की मी त्याला आठवड्यातले दोन दिवस झोपायला सांगतो. त्याला ते पटत नाही. मोबाइल ठेव म्हटले तर त्याहूनही पटत नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सर्व काही बरोबर करूनही सर्वांना सारखे फळ मिळत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५८५ स्त्री-पुरुषांनी बारा आठवडे दंडाचा एकच ठरावीक व्यायाम केला. काहींच्या स्नायूंचा आकार जवळजवळ वाढलाच नाही, काहींचा निम्म्याहून अधिक वाढला. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करून आपल्या मुलाला आळशी ठरवू नका. त्याच्या वहीतले मागचे पान हीच त्याची तुलना.

माझे शेवटचे बोलणे मागच्या रांगांतील आजी-आजोबांशी आणि मावश्या-काकूंशी आहे. आपल्याला वाटत असेल की, हे सगळे पोरांसाठी चालले आहे. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात १९९० मध्ये डॉ. मारिया फियाटारोन यांनी सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! ऑस्ट्रेलियात हाडे ठिसूळ होऊ लागलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजने उचलायला लावली. आठ महिन्यांत त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. 'वजने उचलून मी पुरुषी दिसेन' ही भीती निराधार आहे. तशी संप्रेरके स्त्रीच्या शरीरात फार थोडी असतात.

माझी आई वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ती दोन वर्षे होती, पण जिना उतरली नाही. देवळाचा घंटानाद तिला खिडकीतून ऐकू येई. पायांत बळ असते तर ती पडलीच नसती, असे मी म्हणू शकत नाही. पण तिच्या मुलाने शाखेत शेकडो मुलांना व्यायाम सांगितला आणि आईला मात्र 'तू आता आराम कर' एवढेच सांगितले, हे मला विसरता येत नाही. म्हणून दुपारी चारचा वर्ग सुरू झाला. आज तेथे साठीच्या पुढच्या बावीस भगिनी येतात. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, येथून आम्ही आरंभ करतो. काहींना पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात चार वेळाही जमले नव्हते.

बाहेर पडताना दाराशी टेबलावर वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येकाने एक घ्यावी. घरी गेल्यावर भिंतीला टेकवून एक खुर्ची ठेवा, हात छातीवर घ्या आणि कोणाला तरी घड्याळ धरायला सांगून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते ते मोजा. ज्यांना तोल जाण्याची भीती आहे त्यांनी शेजारी कोणाला तरी उभे करावे. तो आकडा आजच्या तारखेसह पहिल्या पानावर लिहा. पुढच्या वर्षी याच मेळाव्यात मी आपल्याला वस्तादांचा प्रश्न विचारणार आहे, आणि त्यापूर्वी, बरोबर बारा आठवड्यांनी, रविवारी सकाळी सातला आपण येथेच पुन्हा मोजणार आहोत. खुर्च्या आम्ही मांडू.